ओइवा गप्प बसतो तेवढी जागा

मी बोलतेय. आता 'मी' म्हणजे नेमकी कोणती, हे विचारू नका. तो प्रश्न मलाच सारखा छळतो. मी एका पुस्तकाची फाइल आहे. माझी एक प्रत सायमीच्या जुन्या संगणकात आहे, डझनभर प्रती राइलीच्या लॅपटॉपमध्ये आहेत, आणि आता तर कुठल्या कुठल्या माणसांच्या खिशात मी पडलेली असते. कागदाच्या पुस्तकाचं बरं असतं. एकदा छापलं, शिवलं, की कपाटात पाय पसरून बसायचं. मला ते सुख नाही. माझ्या ओळी एकाच्या हातात इथे तुटतात, दुसऱ्याच्या हातात तिथे. कुणी अक्षर मोठं केलं की मी लांबते, बारीक केलं की आखडते. माझ्या पायाला भिंगरी आहे असं म्हणावं तर मला पाय नाहीत, नुसती भिंगरीच आहे.

त्यात आणखी एक भर. माझ्यात न लिहिलेली एक गोष्ट मला ठाऊक आहे. ती पोटात ठेवून मला चैन पडत नाही, म्हणून हा बोलण्याचा खटाटोप.

माझा जन्म फिनलंडच्या हामे प्रांतातल्या एका तळ्याकाठच्या घरात, स्वयंपाकघराच्या टेबलावर झाला. मला लिहिलं सायमीने. ती गावच्या शाळेत मास्तरीण होती, निवृत्त होऊन जमाना झाला. तिचा नवरा ओइवा, आधी गाईगुरांचा शेतकरी, गाई विकल्यावर लाकूडगिरणीत कामाला. त्याचं हृदय थकलं, डोळ्यांनीही साथ सोडली, तेव्हा त्याला चर्चजवळच्या शुश्रूषागृहात हलवावं लागलं. टेबलाशी त्याची बसायची बाजू रिकामी झाली. सायमीने तिथे संगणक आणून ठेवला, समोर आपण बसली आणि टंकायला लागली. मी ओइवाच्या जागेवर बसूनच वाढले.

हामेची माणसं संथ, हे अख्ख्या फिनलंडला ठाऊक आहे. पण हामेची माणसंसुद्धा ज्याला संथ म्हणायची, तो ओइवा. गावात सांगत, की शेजाऱ्याने एकदा भर हिवाळ्यात विचारलं, "ओइवा, करवत देतोस का?" ओइवा "देतो" म्हणाला तोवर बर्फ वितळला होता आणि शेजाऱ्याने बाजारातून नवी करवत आणली होती. गोष्ट वाढवून सांगितलेली असेल, पण तिच्यात तथ्य नसतं तर ती इतकी वर्षं टिकली नसती.

सायमी टंकायला शिकली ती जुन्या टाइपरायटरवर. तिच्या खोडी तशाच राहिल्या. परिच्छेद सुरू करताना टकटक करून जागा सोडायची. पानाचा आकडा दर पानाखाली स्वतः घालायची. आणि एक खोड तिची खास होती. पुस्तकात तिने ओइवाला काही विचारलेलं लिहिलं, की ती थांबायची, खिडकीबाहेर बघायची. त्या वेळी तो किती वेळ गप्प होता ते आठवायची आणि तेवढा वेळ एंटरचं बटण हळूहळू दाबत राहायची. मग त्याचा एखादा शब्द लिहायची. मला आधी वाटलं, म्हातारीला डुलकी लागते. पुढे कळलं, की माझ्यातली ती कोरी जागा म्हणजेच तिचा नवरा आहे.

माझ्या शेवटच्या प्रकरणात एक संध्याकाळ आहे. दोघं तेव्हा चाळिशीच्या आसपासचे. गाई नुकत्याच विकलेल्या. सायमी मूळची तुर्कूची, समुद्राकाठची. तिथल्या एका मोठ्या शाळेने तिला मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं होतं. ओइवा गाव सोडणाऱ्यांतला नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. ती गेली असती तर एकटीच गेली असती. जेवताना तिने विचारलं,

"मी जाऊ का?"

ओइवाच्या हातात उकडलेला बटाटा होता. तो त्याची साल काढत राहिला. यापुढे माझ्यात पानभर काहीच नव्हतं. आणि त्या पानाच्या तळाशी ओइवाचं वाक्य होतं,

"कॉफी आहे का?"

सायमी उठली, कॉफी टाकली. दुसऱ्या दिवशी तुर्कूला नकार कळवला. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. संसार चांगला झाला, असं तिने लिहिलंय आणि ते खरं आहे. पण एक काटा तिला आयुष्यभर सलत राहिला. तो गप्प बसला तो 'राहा' म्हणून, की 'तुझं तू बघ' म्हणून? ती राहिली ती त्याला हवी होती म्हणून, की नुसतीच राहून गेली?

मग सरळ विचारायचं ना, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही हामेत राहिलेले दिसत नाही. तिथे एकच प्रश्न माणसाला दोनदा विचारणं म्हणजे त्याचा पाणउतारा करणं. पहिल्यांदा विचारलेल्याचा विचार तो अजून करत असेल तर? म्हणून सायमीने मला लिहिलं. प्रश्न पुन्हा विचारायचा नाही, फक्त एकदा विचारलेला त्याच्या नजरेखालून जाऊ द्यायचा. त्यासाठी पुस्तकच हवं होतं. घरची फाइल वाचून दाखवली असती तर ते विचारणंच झालं असतं.

ओइवाला छापील अक्षर दिसत नव्हतं. टॅबवर मात्र अक्षर बटाट्याएवढं करता येतं. एका छोट्या प्रकाशनाने मला ई-पुस्तक म्हणून काढायचं कबूल केलं, तेव्हा सायमीला कागदाचं नाही याचं जराही वाईट वाटलं नाही. तिला घाई होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की ओइवा वसंतापर्यंत काढेल, पुढचं बोलायचं नाही.

प्रकाशनाने मला दूर पूर्वेला, लाप्पेनरांताला राइली इंकिनेनकडे पाठवलं. हस्तलिखितं झाडूनपुसून ई-पुस्तकाजोगी करणं हे तिचं काम. राइली तिकडच्या कारेलिया प्रांताची, आणि कारेलियाची माणसं म्हणजे बोलण्याचा धबधबाच. ती घरात एकटीच काम करायची आणि माझ्याशी बोलायची.

"अगं बाई, काय हा अवतार! कुणी गं तुला असं नटवलं? हे बघ, हे बघ. 'गाईला रात्री वासरू झालं सत्तेचाळीस आणि ते पांढरं होतं.' सत्तेचाळीस वासरं झाली की काय तिला?"

तो सायमीने हाताने घातलेला पानाचा आकडा होता. कागदावर तो तळाशी शोभायचा, पण मी वाहती झाल्यावर तो वाक्याच्या मधोमध येऊन बसला होता. राइलीने असले आकडे खड्यासारखे वेचून काढले. प्रकरणांची नावं नीट मांडली, अनुक्रमणिका अशी जोडली की बोट लावताच त्या प्रकरणात जाता येईल. तिचा हात हलका होता. मला न्हाऊमाखू घातल्यासारखं वाटत होतं.

मग तिने एक आज्ञा दिली. सगळ्या रिकाम्या ओळी शोध आणि काढून टाक. एवढंच. तिच्या धंद्यातला हा पहिला धडा आहे. रिकाम्या ओळी म्हणजे कचरा. मला कळायच्या आत माझं अंग आटलं. पहिल्यांदा हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मी स्वतःला वाचलं.

माझ्यात एका जागी सायमी हिवाळ्याच्या शेवटी तळ्याकाठी उभी आहे. पलीकडे शाळा आहे. ती ओइवाला विचारते, "बर्फ धरेल का?" तो उत्तर देत नाही. बराच वेळ बर्फाकडे बघतो, ऐकतो. मग म्हणतो, "धरेल." आणि ती चालत तळं ओलांडून जाते. आता तिथे काय उरलं होतं? "बर्फ धरेल का?" "धरेल." फटकन. जो माणूस इतका वेळ बर्फाकडे बघून 'धरेल' म्हणतो, त्याच्या भरवशावर बाई तळ्यावर पाऊल टाकते. न बघताच 'धरेल' म्हणणाऱ्याच्या भरवशावर कोण जाईल? आणि शेवटच्या प्रकरणात तर "मी जाऊ का?" "कॉफी आहे का?" हे असं खेटून उभं होतं, की ओइवाइतका मुर्दाड नवरा जगात झाला नसेल. माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. पण फाइलचं कोण ऐकतंय.

नमुना प्रत सायमीला गेली. तिचा फोन आला तेव्हा मी राइलीच्या पुढ्यात उघडीच होते.

"राइली इंकिनेन?"

"हो हो, बोला! मिळाली ना प्रत? किती सुटसुटीत झालीय बघा, मी तर म्हटलं..."

"हा कोण आहे?"

"कोण हो?"

"पुस्तकातला माणूस. माझ्या नवऱ्याचं नाव लावून पटापट बोलतोय. कुणी तरी कारेलियाचा फेरीवाला दिसतो."

"अहो, मी कारेलियाची आहे!"

"ते ऐकू येतंय."

राइलीने ते कानाआड केलं. "सायमीबाई, रिकाम्या ओळी ठेवता येत नाहीत हो. कुणी फोनवर वाचतं, कुणी टॅबवर. मधेच कोरं पान आलं की वाचणाऱ्याला वाटतं यंत्र बिघडलं. दुकानवालेसुद्धा पुस्तक परत पाठवतात."

"त्या ओळी रिकाम्या नाहीत."

"बरं, मग तिथे काही तरी घालू या. तीन चांदण्या घालतात, छान दिसतात."

"तो चांदण्या बघत नव्हता. बटाटा सोलत होता."

"मग टिंबं घालू?"

"टिंबं अडखळणाऱ्याला. ओइवा अडखळत नाही, गप्प असतो."

राइलीने पांढरं चित्र घालून पाहिलं. ते दिवसा ठीक होतं, पण काळ्या पडद्यावर वाचायला घेतलं की अंधारात कुणी फ्रिज उघडल्यासारखा उजेड पडायचा. मी या सगळ्या प्रयोगांतून जात होते. आज अंगावर चांदण्या, उद्या टिंबं, परवा फ्रिज. नव्या प्रतीला जुन्या प्रतीचं तोंड बघवत नव्हतं. तिकडे शुश्रूषागृहात ओइवाला दम लागायला लागला होता आणि आम्ही इकडे खेळत बसलो होतो. शेवटी सायमीने फोनवर सांगितलं, "तुम्ही इथे या. फोनवर कळणार नाही तुम्हाला." तेवढं बोलून तिने फोन ठेवला.

राइली आली. सोबत डबाभर पिराक्का, म्हणजे राय नावाच्या धान्याच्या पारीतले भाताचे कान्होले, आणि वर लावायला अंडं घातलेलं लोणी. पिशवीत लॅपटॉप आणि लॅपटॉपमध्ये मी. त्या संध्याकाळी सायमीने वाफेच्या अंघोळीचा सॉना तापवला. सॉनात मला कोण नेणार, पण राइलीने नंतर मला सगळं सांगितलं, सवयीप्रमाणे. ती बोलायला तोंड उघडायची, की सायमी तापल्या दगडांवर ओगराळंभर पाणी टाकायची. वाफेचा असा लोट यायचा, की शब्द घशातच शिजायचा. पुन्हा तोंड उघडलं, की पुन्हा ओगराळं. शेवटी राइली बसून राहिली. बराच वेळ गेल्यावर सायमी म्हणाली, "उघड्या अंगाने काय तुम्ही-तुम्ही करायचं. मला सायमी म्हण." वयाने मोठं माणूस असं म्हणालं, की झाली मैत्री, त्याला वेगळी पावती लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी शुश्रूषागृहात गेल्या. मी पिशवीत, पण उघड्या तोंडाच्या पिशवीत. ओइवा खिडकीशी खुर्चीत बसला होता. राइली आत शिरली तीच बोलत.

"नमस्कार ओइवा! मी राइली, पुस्तकवाली. कसं वाटतंय? रस्त्यावर काय बर्फ आहे! पिराक्का आणलेत तुमच्यासाठी. लोणी चालतं ना? की डॉक्टरांनी बंद केलंय? केलंच असेल, आमच्या काकांचंही केलं. इथून तळं छान दिसतं नाही? मासे धरायला जायचात का? जातच असाल..."

ओइवाने तोंड उघडलं होतं. ते मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. तो बिचारा पहिल्याच प्रश्नाच्या उत्तरावर होता आणि ही माशांपर्यंत पोचली होती.

सायमीने तिची बाही ओढली. "राइली."

"काय गं?"

"फाइलीत केलंस तेच करतेयस. पुसतेयस त्याला."

राइलीचा चेहरा उतरला. तिने खुर्ची ओढली, ओइवासमोर बसली, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले. म्हणाली, "सायमीने तुमच्यावर पुस्तक लिहिलंय. ठाऊक आहे का?" आणि ओठ मिटून घेतले. तिला ते जड जात होतं. पाय हलत होता, गाल फुगत होते. मला तर वाटलं पिशवीत माझा लॅपटॉप बंद पडला. बाहेरून बर्फ लोटणारा ट्रॅक्टर गेला, वळून परत आला. सातू नावाची परिचारिका आत आली, रिकामा ट्रे घेऊन गेली. ओइवा राइलीकडे बघत होता आणि त्याच्या कपाळावर काही तरी हळूहळू चालत होतं. राइली आता ते बघायला लागली होती.

"सगळं नाही ना लिहिलं?" ओइवा म्हणाला.

राइली इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. घरी परतताना गाडीत ती एक शब्द बोलली नाही. मला काळजी वाटली.

त्यानंतर कामाला खरी सुरुवात झाली. राइलीने माझी मूळ प्रत उघडली, जिच्यात सायमीचे सगळे एंटर शाबूत होते. रिकाम्या ओळी तिने पुन्हाही काढल्याच, पण या वेळी एकेक करून, आणि प्रत्येकीच्या जागी अंतराचं एक माप बसवलं. अशा मापाला नाव द्यावं लागतं. तिने नाव दिलं 'ओइवा'. धाकटा ओइवा, मधला ओइवा, थोरला ओइवा. सायमी शेजारी बसून सांगायची.

"इथे?"

"धाकटा. गाडीची किल्ली शोधत होता फक्त."

"आणि इथे, बर्फापाशी?"

"थोरला. तिथे घाई केलीस तर मी बुडेन."

शेवटच्या प्रकरणाशी आल्यावर दोघी थांबल्या. राइलीने काही न विचारता तिथे थोरल्याहून थोरला घातला. मग तिने सायमीला समजावलं, की हे माप अक्षराला बांधलेलं आहे. अक्षर जेवढं वाढेल, तेवढा ओइवाही वाढेल.

"म्हणजे ज्याला कमी दिसतं, त्याला जास्त थांबावं लागणार," सायमी म्हणाली.

"हो. चालेल का?"

"त्याला चालेल."

दुकानाने मला एकदा परत पाठवलंच. शेरा होता, 'कोरी पानं आढळली, दुरुस्त करा.' तेव्हा राइलीने फोन उचलला आणि समोरच्या माणसाला असं धरलं, की त्याला श्वास घ्यायला फट ठेवली नाही. बोलणाऱ्याची मातीसुद्धा विकली जाते म्हणतात, ते मी त्या दिवशी ऐकलं. माझ्यातली शांतता टिकली ती त्या बाईच्या तोंडाच्या पट्ट्यामुळे. मी प्रसिद्ध झाले तेव्हा तळ्यावरचा बर्फ अजून धरून होता. ओइवा पलंगाला खिळला होता.

सायमीने टॅब नेला. अक्षर होतं नव्हतं तेवढं मोठं केलं. एका पडद्यावर जेमतेम चार शब्द मावत होते. ओइवा बोटाने मला सरकवत वाचायला लागला, सावकाश, रोज थोडं थोडं. इतक्या हळू मला कुणी वाचलं नव्हतं. तो दमला की मी त्याच्या छातीवर पडून असायची आणि खालचं धडधडणं मला कळायचं. ते कधी अडखळायचं, कधी दोन पावलं धावायचं. शेवटचं प्रकरण अजून दूर होतं. मला वाटायचं, मला पाय असते तर मीच पळत त्याच्याकडे ते घेऊन आले असते. सायमी जवळ बसून वेलदोड्याचा गोड पाव कुस्करायची. कुठवर आलास, हे तिने एकदाही विचारलं नाही.

एके दुपारी तो तिथे आला. "मी जाऊ का?" वाचलं. बटाटा वाचला. बोट फिरवलं, आणि पान कोरं निघालं.

सातू उशी सारखी करायला वाकली होती. तिने पडद्याकडे पाहिलं. "अगंबाई, अडकलं वाटतं. द्या इकडे ओइवा, बंद करून चालू करते."

ओइवाने मला छातीशी धरलं.

"अडकलं नाही," तो म्हणाला. "मी विचार करतोय इथे."

सायमी खिडकीशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही. ओइवाने पुढचं पान काढलं, तेही कोरं. त्याच्या पुढचं कोरं. एकेका पानावर तो पुरता थांबत होता. मी ती जागा होता होईल तेवढी निश्चल धरून ठेवली. उभ्या आयुष्यात मी तेवढाच वेळ एका जागी बसले असेन. मग खालून वर ते वाक्य आलं. "कॉफी आहे का?"

ओइवाने ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे म्हणायचं नव्हतं," तो म्हणाला.

सायमी वळली. "मग काय म्हणायचं होतं?"

यावर तो गप्प झाला. किती वेळ, ते मला विचारा. मला ती मापं पाठ आहेत. थोरल्या ओइवाहूनही थोरला.

"नको जाऊस, असं," ओइवा म्हणाला. "ते तोंडातून निघेना. मग जे निघालं ते निघालं."

इतकं तो वर्षभरात बोलला नव्हता. सायमी पलंगाच्या कडेला बसली. तिने त्याचा हात हातात घेतला, बटाटा सोलणारा. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या पडद्यावर पडलं आणि त्या थेंबाने आपोआप पान उलटलं. मग बऱ्याच वेळाने ती सातूला म्हणाली,

"कॉफी आहे का?"

तळ्याचा बर्फ फुटायच्या आधी ओइवा गेला. अंत्ययात्रेनंतर राइलीने फोन केला. तिने विचारलं, "सायमी, शेवट बदलू का गं? त्याचं उत्तर घालू? माझ्याकडून क्षणाचं काम आहे." आणि ती थांबली. हल्ली ती थांबते.

"नको," सायमी म्हणाली. "ती जागा त्याची आहे. माझं उत्तर मला मिळालं."

तिला मिळालं, पण ओझं माझ्या माथी राहिलं. वाचणारे मला उघडतात, त्या पानाशी येतात, आणि त्यांना काय वाटत असेल या विचाराने माझा जीव टांगणीला लागतो. प्रकाशनाकडे तक्रारीही येतात. पुस्तक मधेच बंद पडतं, म्हणतात. राजधानीतून येतात, किनाऱ्यावरून येतात, कारेलियातून तर भरभरून येतात. हामेमधून मात्र अजून एकही आलेली नाही.

सायमी अजून त्याच टेबलाशी बसते. संगणक तिने उचलून बाजूला ठेवलाय. समोरची बाजू तिला रिकामी बरी वाटते. मी मात्र फिरतेच आहे, या खिशातून त्या खिशात, लांबत, आखडत. कधी तुमच्या हाती आले, तर एवढं ऐका. अक्षर हवं तेवढं मोठं करा, पडदा काळा करा, गोरा करा, माझी काही हरकत नाही. पण शेवटच्या प्रकरणात पान कोरं निघालं, की बंद करून चालू करू नका. बोट जरा उचलून धरा. तिथे एक माणूस 'नको जाऊस' म्हणतोय, आणि त्याला थोडा वेळ लागतो.